पाय टेकतील इतकी उंची

मंगळवार, दिनांक ४ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. दाढीला साबण लावलेला होता, तेवढ्यात फोन वाजला. बसवराज बोलत होता, माझा मित्र गुरुपाद याचा मुलगा. "काका, अप्पा गेले." मी विचारले, "कधी?" "पहाटे चारच्या सुमाराला असणार. झोपेतच. आई उठवायला गेली तर..." येतो म्हणालो आणि फोन ठेवला. दाढी पूर्ण केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि रिक्षाने जुळे सोलापूरला निघालो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी माझ्या हातून एक काम वेळेवर झाले नाही. त्याविषयी लिहायचे आहे.

पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. गुरुपाद लिंगायत. त्यांच्यात मृताला आडवे ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात आणि बसलेल्या स्थितीतच मातीत ठेवतात. एरवी मांडी घालून बसवण्याची रीत आहे. गुरुपादचे गुडघे गेली आठ वर्षे मांडी घालण्याइतके वाकत नव्हते. त्या सकाळीही वाकले नाहीत. "अंग धरायच्या आत बसवा की, मागनं लई अवघड जातंय," असे शेजारच्या एका जाणत्याने सांगितले, म्हणून घाईघाईने खुर्ची मागवण्यात आली. मंडपवाल्याने पाठवली ती लग्नातली नवरदेवाची खुर्ची होती. तांबडी मखमल, सोनेरी हात, डोक्याच्या वर जाणारी पाठ. तिच्यावर त्याला बसवून, पडू नये म्हणून छातीशी पांढरे कापड बांधले होते. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. लोक रांगेने येत आणि पायांना हात लावत. पाय हवेत असल्यामुळे कोणाला फारसे वाकावे लागत नव्हते.

मी समोरच्या भिंतीपाशी उभा राहिलो. चेहरा पाहिला, नमस्कार केला. त्यानंतर मला पायांखेरीज काही दिसेना. या माणसाने माझ्या माहितीत एकच गोष्ट सतत मागितली होती. बसल्यावर आपले पाय जमिनीला लागावेत, एवढीच. ती त्याला मिळाली नाही, आणि न मिळण्यात माझा भाग होता.

गुरुपादची उंची चार फूट आठ इंच. आम्ही दोघे एकाच दिवशी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. वय एकवीस. रुजू अहवालावर सही करायला त्याला टेबलाशी उभे राहावे लागले, कारण खुर्चीत बसल्यावर टेबल छातीच्या वर येत होते. कार्यालयातल्या खुर्च्या एका मापाच्या होत्या, सागवानी, वेताच्या बैठकीच्या. बैठक जमिनीपासून अठरा इंच. माझी उंची पाच फूट दहा इंच. मला त्या खुर्चीत काही खटकण्याचे कारण नव्हते. तो मागे टेकून बसला तर त्याचे गुडघे बैठकीवरच राहत आणि पाय सरळ पुढे येत, आणि पुढे सरकून बसला तर बैठकीची कड मांडीखाली रुते आणि पाठीला काही उरत नसे. दुपारी चारपर्यंत पायाला मुंग्या येत. संध्याकाळी सायकलपर्यंत जाताना तो चपला हातात घेऊन चाले, कारण सुजलेल्या पायांत त्या जात नसत. मी विचारले की म्हणे, "तुझे पाय दिवसभर ऑफिसात असतात. माझे टांगलेले असतात."

यावर त्याने आधी मांडीचा उपाय केला. खुर्चीवर मांडी घालून बसला की तो खुशीत असे. कामही झपाट्याने होई. पण एकदा साहेबांची फेरी झाली आणि "हे काय कीर्तन आहे काय?" असे त्यांनी सर्वांसमक्ष विचारले. मांडी सुटली. मग त्याने जुन्या कागदपत्रांचे दोन गठ्ठे टेबलाखाली सरकवून त्यांवर पाय ठेवायला सुरुवात केली. कागदाला पाय लागू नये ही घरची शिकवण, म्हणून रोज सकाळी तो वाकून गठ्ठ्यांना हात लावी, हात कपाळाला लावी, आणि मगच चपला काढून पाय वर ठेवी. समोरच्या टेबलावरचे हसत. "पूजा झाली का रे गुरुपाद?" "झाली की. परसाद पाच वाजता." वर्षभराने जुना दप्तरसाठा नष्ट करण्याचा आदेश आला आणि ते गठ्ठे गेले.

पुढच्या काळात मी खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन अधीक्षक झालो. तो झाला नाही. त्या दिवसापासून तो कार्यालयात मला "साहेब" आणि "तुम्ही" म्हणू लागला. मी नको म्हणालो नाही. एका शनिवारी त्याने आपली खुर्ची सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेली आणि सोमवारी परत आणली. चारही पाय चार इंचांनी कापलेले होते. तो बसला. तळपाय फरशीवर सपाट टेकले. टेबल मात्र हनुवटीशी आले. मग मांडीवर फळी घेऊन त्यावर तो लिहू लागला. टेबलावरून त्याचे फक्त केस दिसत. येणारे जाणारे विचारत, "गुरुपाद रजेवर हाय का?" आणि टेबलामागून आवाज येई, "हितंच हाय की. वाकून बघा." मी हे सगळे पाहत होतो. त्या काळात तो चपला पायात घालून घरी जात असे, हेही पाहत होतो. बोललो काही नाही, कारण माझ्याकडे लेखी काही आलेले नव्हते.

सात महिन्यांनी फर्निचरची पडताळणी झाली. आमच्याकडे प्रत्येक खुर्चीच्या मागच्या उजव्या पायावर, अगदी तळाशी, पांढऱ्या रंगात क्रमांक लिहिलेला असे. गुरुपादच्या खुर्चीचा तो भाग कापला गेला होता. पडताळणी करणाऱ्याने शेरा लिहिला की नोंदीतील एक खुर्ची जागेवर आढळली नाही, तसेच जागेवर आढळलेली एक खुर्ची नोंदीत नाही. दोन आक्षेप. वरून माझ्याकडे विचारणा आली आणि मी गुरुपादला खुलासा मागणारे ज्ञापन दिले. सही माझी. त्याचा खुलासा मला पाठ आहे. 'खुर्ची हरवलेली नाही. मी तिच्यावर बसलेलो आहे. पाय टेकत नव्हते म्हणून चार इंच कापली. कापलेले तुकडे सोबत जोडले आहेत.' आणि खरोखरच खुलाशासोबत लाल फितीने बांधलेले चार लाकडी तुकडे होते. त्यांतल्या एकावर क्रमांक होता.

तोंडी समज देऊन मी ते प्रकरण मिटवू शकलो असतो. तसा मला अधिकार होता. मी वर विचारले. वरून आदेश आला, खुर्ची मूळ उंचीवर आणावी. सुतार बोलावला, त्याने तेच चार तुकडे लांब खिळ्यांनी परत ठोकले. गुरुपाद शेजारी उभा राहून बघत होता. काम झाल्यावर म्हणाला, "साहेब, बसून दाखवू का?" मी म्हणालो, "आवश्यकता नाही." खुर्ची मूळ उंचीवर आणल्याचा अहवाल मीच लिहिला. त्या खुर्चीवर तो पुढे एकोणीस वर्षे, सेवानिवृत्तीपर्यंत बसला. मध्यंतरी पायाखाली घेण्यासाठी एक लाकडी चौरंग मिळावा असा त्याने रीतसर अर्ज केला. तो मी योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला. तरतूद नाही, असे उत्तर चौदा महिन्यांनी आले. माझ्या स्वतःच्या घरी माळ्यावर दोन चौरंग पडून होते. एक उचलून आणायला कोणाचीही मंजुरी लागली नसती. पण बाहेरची वस्तू कार्यालयात आणू नये, असे परिपत्रक होते, आणि ते सर्वांना वाटून त्यांच्या सह्या मीच घेतलेल्या होत्या.

घरी मात्र तो राजा होता. त्याच्या जुन्या घरात खुर्ची नव्हतीच. सतरंजी, भिंतीला एक लोड, समोर पानाचा डबा. मांडी घालून बसला की त्याचा आवाज बदले. मोठा आणि मोकळा होई. तिथे तो मला "अरे" म्हणत असे. मला खाली बसायचा सराव नाही. माझे गुडघे वर येत, कंबर धरे. तो हसे. "आता कसं? हितं कोण लहान हाय?" महानंदावहिनी भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवत आणि म्हणत, "भावजी, पाय पसरा. लाजू नका." मी पाय पसरत नसे. दर रविवारी जात असे. निवृत्तीनंतरची दहा वर्षे त्याने जमिनीवर बसून काढली. माझ्या समजुतीप्रमाणे तेवढीच त्याची बरी वर्षे.

अडुसष्टाव्या वर्षी गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसणे बंद केले. त्याच वर्षी बसवराजने नवे घर बांधले आणि सोफा आणला, खोल बैठकीचा, गुबगुबीत. गुरुपाद त्यावर बसला की पाय सरळ पुढे येत आणि तळपाय समोरच्या माणसाकडे होत. "बारशाला आणल्यासारखा बसलोय बघ," म्हणाला. आम्ही दोघे खुर्ची शोधायला निघालो. त्या उन्हाळ्यात सोलापुरातली फर्निचरची बहुतेक दुकाने आम्ही पाहिली. एका दुकानातल्या मुलीने अतिशय नम्रपणे विचारले, "आजोबा, लहान मुलांच्या खुर्च्या वरच्या मजल्यावर आहेत, दाखवू का?" वर गेलो. अस्वलाचे चित्र असलेली एक प्लास्टिकची खुर्ची उंचीला बरोबर होती, पण तिच्या हातांमध्ये तो मावेना. अडकला. मी खुर्ची धरली आणि त्या मुलीने त्याला बाहेर ओढले. दुसऱ्या दुकानात विक्रेत्याने कळ दाबली की पाय वर उचलणारी आरामखुर्ची दाखवली. गुरुपादने शांतपणे ऐकून घेतले. "बाबा, वर हायतच की. खाली न्यायचं काय असंल तर दाखव." विक्रेता हसला. मला हसू आले नाही.

शेवटी मी सुतार ठरवला. मापे मी स्वतः घेतली. तळपायापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत चौदा इंच, बैठकीची खोली तेरा इंच. मजबूत लाकूड घातले, हात लावले. खुर्ची आली त्या दिवशी तो बसला. दोन्ही तळपाय फरशीवर ठेवून त्याने ते थोडे मागेपुढे घासले. "महानंदा," त्याने हाक मारली, "हे बघ. फरशी थंड हाय की गं." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत होत्या, ते पुसतच राहिल्या... चहा झाला. उठायची वेळ आली. त्याला उठता येईना. गुडघ्यांना उंच बैठक लागत होती. बुटक्या बैठकीवरून शरीर वर उचलण्याची ताकद त्यांत उरली नव्हती. बसवराजने आणि मी काखेत हात घालून त्याला उभे केले. पुन्हा करून पाहिले, दुसऱ्या दिवशीही करून पाहिले. हातांवर जोर देऊन तो अर्धा उठे आणि परत बसे. पायांना एक उंची हवी होती, गुडघ्यांना दुसरी, आणि या दोहोंमध्ये चार इंचांचे अंतर होते. ते कोणत्याही सुताराला बुजवता येणार नव्हते. उंच खुर्चीपुढे पाट ठेवून पाहिला. उठताना त्याला अडखळून तो पडला, तेव्हा बसवराजने पाट काढून टाकला. त्या बुटक्या खुर्चीवर आता पाण्याचा माठ असतो.

शेवटची वर्षे त्याने उभ्याने किंवा आडवे होऊन काढली. खिडकीच्या गजाला धरून तासन्‌तास उभा राही. दमला की पलंगावर आडवा होई. "माणसाला तीन तऱ्हा असतात," एकदा म्हणाला. "मला दोनच ऱ्हायल्या. मधली काढून घेतली." कोणी काढून घेतली, हे त्याने सांगितले नाही. मी गेलो की मात्र न चुकता विचारी, "साहेब, मंजुरी आली का?" महानंदावहिनी रागावत. "पुरे की आता. भावजींना किती बोलाल?" तो म्हणे, "बोलत न्हाय गं, इचारतोय." मी सांगे, "अजून नाही." निवृत्तीपासून अठरा वर्षे हे चालले. मला त्याचा राग येत नसे. पण रिक्षात बसल्यावर माझे पाय रिक्षाच्या पत्र्यावर टेकलेले मला जाणवत राहत.

त्या मंगळवारी, म्हणून, मी समोरच्या भिंतीपाशी उभा होतो. साडेआठच्या सुमाराला बसवराज जवळ आला. मी म्हणालो, "पाय लोंबताहेत." त्याने पाहिले. "ऱ्हाऊ द्या काका. आता कोण बघतंय?" मी म्हणालो, "मी बघतोय." तो थकलेला होता, म्हणाला, "मग ठेवा की खाली काहीतरी." शेजारी घराचे बांधकाम चालू होते, विटांचा ढीग दारातूनच दिसत होता. चार विटा आणणे एवढेच काम होते. मी म्हणालो, "तुमच्या रीतीत पायाखाली काही ठेवलेलं चालतं की नाही, ते आधी विचारायला हवं. स्वामी कधी येणार आहेत?" विधीसाठी यायचे स्वामी अक्कलकोटला गेलेले होते. दहापर्यंत येतील म्हणाला. मी थांबलो.

दहा वाजले. अकरा वाजले. माणसे येत होती, जात होती. मी त्या विटांकडे पाहत होतो आणि त्या पायांकडे पाहत होतो. स्वामी सव्वाबाराला आले. पाणी पिऊन बसले, तेव्हा पुढे होऊन मी विचारले. त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "ह्यात इचारायचं काय होतं? ठेवायचं की." मी बांधकामावर गेलो, दोन खेपांत चार विटा आणल्या, घरातल्या एका धुतलेल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि खाली बसून त्याच्या पायांखाली सरकवल्या. उंची बरोबर होती. पाय टेकले नाहीत. घोट्यात ते ताठ झाले होते, बोटे खाली करून, जसे चार तास लोंबत होते तसेच. मी एक तळपाय हातात धरून सपाट करायचा प्रयत्न केला. तो वळला नाही. दुसराही वळला नाही. दोन अंगठ्यांची टोके तेवढी टॉवेलाला लागली होती.

खांद्यावर हात आला तो महानंदावहिनींचा. "ऱ्हाऊ द्या भावजी," त्या म्हणाल्या. "सवय हाय त्यांना."

तीन वाजता नेले. खड्डा खणणाऱ्यांनी आत बसवण्यासाठी मातीचा ओटा ठेवला होता, नेहमीच्या मापाचा. त्यावर त्याला बसवले, तेव्हाही पाय वरच राहिले. मी काठावर उभा होतो. पहिल्या मुठी त्याच्या ओटीत पडल्या. नंतर फावड्यांनी माती लोटली, ती घरंगळत आधी तळाशी गेली, आणि हळूहळू तळव्यांपर्यंत आली. याला टेकणे म्हणायचे की नाही, हे मला सहा आठवड्यांत ठरवता आलेले नाही.

परत आलो तेव्हा मंडपवाला खुर्ची घेऊन गेलेला होता. पुढच्या खोलीची फरशी धुतली होती. भिंतीशी माझ्या चार विटा तशाच होत्या, ओल्या टॉवेलात. टॉवेल मी वहिनींच्या हातात दिला. विटा दोन खेपांत शेजारच्या बांधकामावर नेल्या आणि ज्या ढिगावरून उचलल्या होत्या त्याच ढिगावर, कडा जुळवून, ठेवल्या.